प्रथिनांची स्वयंरचना : घटक जोडून घडविलेल्या सूक्ष्मकणांच्या लसी आणि आपण

"डॉक्टरसाहेब, या लशीत रोगाचाच जंतू घालतात म्हणे. मग मुलीला ती टोचून घ्यायची कशी?" महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नाते गावात, तसेच महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्टीतील अनेक दवाखान्यांत हा प्रश्न आजही विचारला जातो. आरोग्य केंद्रात लस टोचण्यापूर्वी आई-वडील अनेकदा आपल्या परिचयाच्या वैद्याचे मत घेतात. अशा वेळी वैद्याने केवळ मान डोलावली किंवा नाक मुरडले, तरी त्याचा परिणाम त्या मुलाच्या आयुष्यावर होतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्याला नेमके ठाऊक असणे आवश्यक आहे.

सर्व लसींना लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही. गोवराच्या लसीत जिवंत परंतु दुर्बल केलेला विषाणू असतो, तर काही लसींत मारलेला जंतू असतो. मुंबईत १८९७ साली डॉ. हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस याच दुसऱ्या प्रकारची होती. मात्र कावीळ ब, गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि अलीकडे पुण्यात तयार होऊ लागलेली हिवतापाची लस यांत जंतू नसतो, जंतूचे बीजद्रव्यही नसते. त्यांत असते ते केवळ प्रथिन, आणि हे प्रथिन आपण होऊन एका ठराविक आकाराच्या सूक्ष्म कणात रचले गेलेले असते. ही रचना कशी होते आणि ती मुद्दाम कशी घडवून आणता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गवंड्यावाचून बांधकाम

आपल्या भागात शेताच्या बांधावर चुना-माती न वापरता नुसते दगड रचून गडगा घालतात. जाणता माणूस प्रत्येक दगड हातात घेऊन त्याची बाजू पाहतो आणि मगच तो बसवितो. आता अशी कल्पना करावी की सर्व दगड एकाच घडणीचे आहेत, त्यांच्या खाचा एकमेकांत नेमक्या बसतात आणि ते एका डबक्यात टाकून ढवळले असता गडगा आपोआप उभा राहतो. शेतात असे कधी घडणार नाही. प्रथिनांच्या जगात मात्र हे प्रतिक्षणी घडत असते. यालाच स्वयंरचना म्हणतात.

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ होय. या माळेत वीस प्रकारचे मणी असतात. काही मण्यांना पाणी प्रिय असते, तर काही तेलकट स्वभावाचे असल्याने पाणी टाळतात. काहींवर धन विद्युतभार असतो, तर काहींवर ऋण. माळ पाण्यात आली की तेलकट मणी आत दडतात, पाणीप्रिय मणी बाहेर राहतात आणि माळेला ठराविक घडी पडते. घडी पडल्यानंतरही पृष्ठभागावर एखादा तेलकट पट्टा उघडा राहिला, तर तो दुसऱ्या रेणूच्या तशाच पट्ट्याला चिकटतो. हे पट्टे कोठे आहेत आणि कोणत्या कोनात आहेत, यावरून अंतिम रचना ठरते. ती कधी लांब तंतू होते, कधी नळी, तर कधी पोकळ गोल.

मापाचाही अंदाज घ्यावा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात ते आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. येथे ज्या कणांचा विचार करावयाचा आहे, ते वीस ते साठ नॅनोमीटरचे आहेत.

याचे एक उदाहरण आपल्या नित्याच्या व्यवहारातले आहे. पांडुरोगाच्या रुग्णाची फेरिटिन तपासणी आपण अनेकदा पाहतो. फेरिटिन हे लोह साठविणारे प्रथिन आहे. त्याचे २४ घटक एकत्र येऊन सुमारे बारा नॅनोमीटरचा पोकळ गोळा तयार होतो आणि त्या पोकळीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू साठू शकतात. अशी ही लोहाची कोठी आपल्या यकृतात प्रतिक्षणी बांधली जाते आणि तिला गवंडी लागत नाही.

स्वयंरचना केवळ जिवंत पेशीतच होते की परीक्षानळीतही होऊ शकते, याचे उत्तर १९५५ साली मिळाले. कॅलिफोर्नियात हाइन्झ फ्रेंकेल-कोनराट आणि रॉब्ली विल्यम्स यांनी तंबाखूच्या पानावर रोग पाडणाऱ्या विषाणूचे प्रथिन आणि बीजद्रव्य वेगवेगळे केले व पुन्हा एकत्र मिसळले. प्रथिनाचे दोन हजारांहून अधिक घटक बीजद्रव्याभोवती आपोआप रचले गेले आणि पूर्ववत रोगकारक विषाणू तयार झाला. रचनेचा संपूर्ण आराखडा घटकांच्या घडणीतच असतो, हे यावरून सिद्ध झाले.

कावीळ ब : रिकाम्या कणांचा धडा

१९६५ साली अमेरिकेतील बारूक ब्लम्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात आढळलेल्या एका अपरिचित प्रथिनाची नोंद केली. पुढे ते कावीळ ब या विषाणूच्या पृष्ठभागाचे प्रथिन असल्याचे निष्पन्न झाले. या संशोधनासाठी ब्लम्बर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या रोग्यांच्या रक्तात खऱ्या विषाणूंपेक्षा कितीतरी अधिक संख्येने सुमारे २२ नॅनोमीटरचे रिकामे कण आढळतात. त्यांत बीजद्रव्य नसते, म्हणून ते रोग निर्माण करू शकत नाहीत. शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र त्यांना शत्रू मानून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते.

पहिली लस १९८१ साली अशा रोग्यांच्या रक्तातील हे कण गाळून व शुद्ध करून तयार करण्यात आली. रक्तापासून केलेल्या लसीविषयी लोकांच्या मनात साशंकता होती. १९८६ साली अमेरिकेत यीस्टपासून केलेली लस वापरात आली. या प्रथिनाचे जनुक यीस्टच्या पेशीत घातले असता ती पेशी ते प्रथिन तयार करते आणि त्याचे कण पूर्वीप्रमाणेच जुळून येतात. आसवारिष्टे करताना धायटीच्या फुलांबरोबर येणाऱ्या किण्वाचा आपण पिढ्यान्‌पिढ्या उपयोग करीत आलो आहोत. त्याच जातकुळीतील किण्व येथे प्रथिनाचा कारखाना झाले. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेने १९९७ साली अशी लस बाजारात आणली आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. राष्ट्रीय लसीकरणात तिचा प्रायोगिक समावेश २००२ च्या सुमारास झाला आणि २०११ पर्यंत ती देशभर लागू झाली.

येथे वैद्यांनी एक भेद कायम लक्षात ठेवावा. पावसाळ्यात आपल्याकडे पसरणारी कावीळ बहुधा दूषित पाण्यामुळे होते आणि तिचे विषाणू अ व ई हे असतात. ब विषाणू रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि मातेकडून बाळाला जातो. म्हणून 'लस घेतली आहे, आता कावीळ होणार नाही' असे आश्वासन देणे चुकीचे आहे. त्याचप्रमाणे काविळीच्या प्रत्येक रुग्णास झाडपाल्याचे औषध सुरू करण्यापूर्वी ब विषाणूची रक्ततपासणी सुचवावी. साधी कावीळ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ब विषाणू मात्र वर्षानुवर्षे शांतपणे यकृत पोखरू शकतो. नवजात बाळास या लसीची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळणे का महत्त्वाचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

घटकांची जोडणी : पुण्यातील हिवतापाची लस

येथवर निसर्गात तयार असलेली रचना उचलून वापरण्याचा विचार झाला. पुढची पायरी घटक मुद्दाम जोडण्याची आहे. एका प्रथिनाला आपोआप कण बनविण्याची कला अवगत आहे, तर दुसऱ्या प्रथिनाची ओळख शरीराला करून द्यावयाची आहे. दोघांची जनुके एकापुढे एक जोडली तर दोन्ही गुण असलेले एकच जोडप्रथिन तयार होईल. सुताराने तयार खुंटीवर हवी ती वस्तू अडकवावी, तसाच हा प्रकार होय.

हिवतापाचा परजीवी डासाच्या दंशातून ज्या रूपात शरीरात शिरतो, त्या रूपाच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन असते. त्यात चार अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. परजीवी यकृतात शिरण्यापूर्वीच त्याला अडवावयाचे असेल तर या तुकड्याविरुद्ध भरपूर प्रतिद्रव्ये रक्तात असावी लागतात. तो तुकडा नुसताच सुटा दिला तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी तो कावीळ ब च्या पृष्ठभाग-प्रथिनाला जोडला. कण त्याच प्रथिनाने रचला आणि हिवतापाचा तुकडा कणाच्या बाहेरच्या बाजूस मिरवू लागला.

या पद्धतीची पहिली लस आरटीएस,एस या नावाने ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी तिची शिफारस केली. तिच्या कणांत एका जोडप्रथिनामागे सुमारे चार सुटी कावीळ-प्रथिने मिसळलेली असतात, त्यामुळे हिवतापाचे तुकडे पृष्ठभागावर विरळ राहतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जेन्नर संस्थेत घडविलेल्या आर२१ या लसीत सुटे प्रथिन ठेवले नाही, सर्वच घटक जोडप्रथिनाचे केले. त्यामुळे कणाचा पृष्ठभाग तुकड्यांनी दाट भरला.

ही आर२१ लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया तयार करते. घानाने एप्रिल २०२३ मध्ये तिला परवानगी दिली, जागतिक आरोग्य संघटनेने २ ऑक्टोबर २०२३ रोजी शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टपासून तिचा नियमित वापर सुरू झाला. बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानिया या चार देशांत ४,८७८ बालकांवर झालेल्या चाचणीत, तीन मात्रांनंतरच्या पहिल्या वर्षात, हंगामी हिवतापाच्या ठिकाणी ७५ टक्के आणि वर्षभर हिवताप असणाऱ्या ठिकाणी ६८ टक्के संरक्षण दिसून आले. संरक्षण काळाबरोबर कमी होत असल्याने वर्षानंतर चौथी मात्रा द्यावी लागते. ही लस फाल्सिपेरम जातीच्या परजीवीविरुद्ध आहे. आपल्याकडे आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स जातीवर तिचा उपयोग नाही आणि आपल्या राष्ट्रीय लसीकरणातही ती नाही. तेव्हा मच्छरदाणी, पाण्याचा निचरा व रक्ततपासणी यांना आपल्या भागात आजही पर्याय नाही. सप्तपर्ण, कुटकी, किराततिक्त व लताकरंज यांच्या आयुष-६४ या योगाचा अभ्यास करणाऱ्या वैद्यांनीही फाल्सिपेरमचा संशय येताच रुग्णास विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

कणाचा एवढा आग्रह का

प्रतिद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर हजारो ग्राहक असतात. सुटे प्रथिन एका वेळी एकाच ग्राहकाला भिडते. कणावर तोच तुकडा समान अंतरावर अनेकदा मांडलेला असल्याने तो अनेक ग्राहकांना एकदम पकडतो आणि पेशीला जोरदार इशारा मिळतो. खरे विषाणू असेच दिसतात, म्हणून शरीर अशा मांडणीला गंभीर धोका मानते. शिवाय या मापाचे कण लसिकावाहिन्यांतून लसिकाग्रंथींपर्यंत सहज पोहोचतात.

या मांडणीचे सामर्थ्य गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीत उत्तम दिसून येते. एचपीव्ही या विषाणूच्या कवचाचे एल-१ हे एकच प्रथिन पुरेसे असते. त्याचे पाच-पाच घटक एकत्र येऊन ७२ गट होतात आणि ३६० घटकांचे, पन्नास-साठ नॅनोमीटरचे रिकामे कवच तयार होते. सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वावॅक या भारतीय लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

या लसींच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. २००९ साली सुरू झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात बार्शी व पुणे येथील केंद्रे होती. मुलींना दोन की तीन मात्रा द्याव्यात, हे त्यात तपासावयाचे होते. एप्रिल २०१० मध्ये शासनाने लसीकरण थांबविल्याने अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका मात्रेनेही १६ व १८ या प्रकारांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाले होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत या मुलींचाही समावेश आहे. कणावरील दाट मांडणी हे या टिकाऊ प्रतिसादाचे एक कारण मानले जाते.

साल, फेस आणि संस्कार

आर२१ लसीच्या कुपीत आणखी एक स्वयंरचित कण असतो आणि तो वनस्पतिज आहे. चिली देशातील क्विलाया नावाच्या वृक्षाची साल पाण्यात घुसळली की रिठ्याप्रमाणे किंवा शिकेकाईप्रमाणे फेस येतो, कारण तिन्हींत सॅपोनिन वर्गाची द्रव्ये आहेत. क्विलायाचे सॅपोनिन प्रतिकारशक्तीला चेतविते. परंतु ते तसेच टोचले तर रक्तपेशी फुटतात. स्वीडनमधील ब्रोर मोरेन यांनी १९८४ साली दाखविले की सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड योग्य प्रमाणात एकत्र आणले की सुमारे चाळीस नॅनोमीटरचे जाळीदार पिंजरे आपोआप तयार होतात. पिंजऱ्यात गुंतलेल्या सॅपोनिनची रक्तपेशी फोडण्याची क्षमता पुष्कळ घटते आणि चेतविण्याचा गुण शिल्लक राहतो. मॅट्रिक्स-एम हे सहायक द्रव्य याच तत्त्वावर आधारलेले आहे. द्रव्य तेच राहून संस्काराने त्याचा गुण पालटतो, हा विचार आपल्या शास्त्राला अपरिचित नाही.

नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. केंब्रिजमध्ये ते निसर्गविज्ञानाचे विद्यार्थी होते आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक त्यांनी मिळविले होते, हे मात्र थोड्यांच्या लक्षात असते. त्यांच्याच गावाच्या आसमंतातील वनौषधींकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, याचा विचार क्विलायाच्या उदाहरणावरून अवश्य करावा. त्या सालीचा उपयोग परंपरेने शिकविला आणि त्यातील द्रव्याचे नेमके वर्तन मोजमापाने उलगडले.

संगणकावर आखलेली प्रथिने

निसर्गात नसलेली रचनाही आता आखता येते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-तीन घटकांचे वीस गट आणि पाच-पाच घटकांचे बारा गट मिसळताच १२० घटकांचा पोकळ गोल तयार होईल, अशी दोन प्रथिने संगणकावर आखली आणि ती प्रत्यक्ष जुळून आली. त्यातील एका प्रथिनाला कोविड विषाणूचा तुकडा जोडून केलेल्या लसीस दक्षिण कोरियाने जून २०२२ मध्ये मान्यता दिली. बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांच्यासमवेत मिळाले. या तंत्रालाही मर्यादा आहेत. घडी चुकली तर घटकांचा निरुपयोगी गोळा होतो, आणि जुळलेला कण पुन्हा विस्कळीतही होऊ शकतो.

'नॅनो' हा शब्द आणि आपली भस्मे

गेल्या काही वर्षांत 'भस्म म्हणजेच नॅनो औषध' असे विधान परिसंवादांत आणि वेष्टनांवरही दिसते. काही भस्मांत नॅनोमीटर मापाचे कण आढळल्याचे अभ्यास आहेत, हे खरे आहे. तथापि दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. भस्मात मोठ्या द्रव्याचे मारण-पुटाने सूक्ष्मीकरण होते, त्यामुळे कण लहानमोठे असतात. स्वयंरचनेत लहान घटकांपासून ठराविक मापाचा कण घडतो. एकात फोडणे आहे, दुसऱ्यात जुळणे आहे.

रेखापूर्ण व वारितर या परीक्षा उपयुक्त आहेत, पण त्या नॅनोमीटर सिद्ध करीत नाहीत. बोटावरील रेषा नॅनोकणांच्या मानाने हजारो पटींनी रुंद असतात, तेव्हा त्यांत शिरणारी चूर्णेही बरीच जाड असू शकतात. पाण्यावर तरंगणे हे पृष्ठताणावरही अवलंबून असते. म्हणून प्रयोगशाळेत मापन केल्याशिवाय औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर 'नॅनो' लिहू नये आणि औषधालयाच्या मालकांनी असा माल घेताना मापनाचा अहवाल मागावा. सूक्ष्म कण शरीरात अधिक शिरतो, तेव्हा नीट न झालेल्या भस्माचा अपायही अधिक खोल जाऊ शकतो, याचे भान ठेवणे हेच शास्त्राच्या प्रतिष्ठेला धरून होईल.

औषधालयांसाठी काही सूचना

आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नसला तरी लसींना तो लागतो, म्हणून परवान्यावाचून लस ठेवू नये. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राखावे. उष्णतेइतकेच गोठण्यालाही जपावे. कावीळ ब व एचपीव्ही लसींतील प्रथिनाचे कण ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसविलेले असतात. गोठल्यास त्या क्षाराच्या गाठी होतात आणि लस निकामी होते. कुपीवरील उष्णतादर्शक खूण हा दोष दाखवीत नाही. म्हणून बर्फाच्या कप्प्यालगत कुपी कधीही ठेवू नये.

जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले आणि तळिये गावावर दरड कोसळली, ते दिवस कोणीही विसरणार नाही. अशा वेळी वीज जाणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था करावी. शीतपेटी, तापमापक आणि नोंदवही तयार असावी. तापमानाविषयी शंका आली तर ती कुपी बाजूला काढून आरोग्य अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. विस्कळीत झालेले कण डोळ्यांना दिसत नाहीत. लस टोचली गेली, आई निश्चिंत झाली, पण संरक्षण मिळाले नाही, अशी फसगत आपल्या हातून होऊ नये.

समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर साध्या शब्दांत देता येईल. "ताई, या लशीत जंतू नाही. जंतूच्या अंगरख्यासारखा एक रिकामा कण आहे. तुमच्या मुलीचे शरीर तो अंगरखा ओळखायला शिकेल. दंडाला एक-दोन दिवस दुखेल, थोडा ताप येईल, क्वचित चक्कर येते म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवा." एवढे वैद्याने जाणतेपणाने सांगितले, तर आईच्या मनातील भय बरेचसे दूर होईल. लस देणारे हात आरोग्य केंद्रातील असले तरी ती घेण्याचा निर्णय अनेकदा आपल्या ओट्यावर होतो. त्या निर्णयाच्या क्षणी आपले ज्ञान अपुरे पडू नये, एवढ्याचसाठी हा प्रपंच.